नावांची यादी

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव घेतले की मराठी माणसाला त्यांचे व्याकरण आठवते. परंतु दादोबांच्या चरित्रात व्याकरणाहून अवघड असा एक प्रश्न होता, आणि तो त्यांना घरापासून दूर, सुरतेस, नोकरीच्या निमित्ताने राहत असताना हाताळावयास मिळाला.

सुरतेच्या इंग्रजी शाळेत ते शिक्षक होते. तेथेच दुर्गाराम मेहता आदी मंडळींच्या सहवासात 1844 साली मानवधर्मसभा स्थापन झाली. मनुष्यजात एक आहे, जातिभेद मनुष्यकृत आहे, मंत्रतंत्र व भुताखेतांच्या गोष्टी खोट्या आहेत, ही मते तेथे चारचौघांत मांडली जात. सभा उघड भरे. कोणीही यावे, ऐकावे, वाद घालावा. जादूटोणा करणाऱ्यांना सिद्धी दाखविण्याचे जाहीर आव्हानही सभेने दिले होते.

पुढे दादोबा मुंबईस आले आणि 1849 साली तेथे परमहंस सभा निघाली. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. मते बहुतांशी तीच. मात्र येथील सारा व्यवहार गुप्त होता. नव्या सभासदाने जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावी, ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, हे सर्व बंद दाराआड. संख्या पुरेशी वाढली म्हणजे उघड व्हावे, असा त्यांचा विचार होता. तोपर्यंत रात्री पावाचा तुकडा खाल्लेला तरुण सकाळी घरी सोवळ्यात जेवावयास बसे.

सुरतेत जे उघड चालले ते मुंबईत झाकावे का लागले? दुर्गाराम तर सुरतेचेच. त्यांना दूरपणाचे कवच नव्हते. तेव्हा स्वभावाचे धैर्य हे एक कारण मानलेच पाहिजे. परंतु मुंबईत एक भेद होता. तेथे निव्वळ मत मांडावयाचे नव्हते, तर निषिद्ध अन्न खावयाचे होते. आणि तेही आपल्या ज्ञातीच्या, आप्तांच्या वस्तीत. बहिष्काराची शिक्षा केवळ अपराध्यास होत नसे. वडिलांच्या श्राद्धाला भिक्षुक मिळेनासा होई, बहिणीचे लग्न अडे, मुलीला सासरहून माहेरी धाडीनासे होत. स्वतः सोसण्यास सिद्ध असलेला मनुष्यही आईच्या डोळ्यांतील पाण्यापुढे हटतो. हे दुबळेपण आहे खरे, परंतु त्यात प्रेमाचाही अंश आहे. म्हणूनच ते जिंकणे कठीण.

1860 साली सभेचे कागदपत्र चोरीस गेले, सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. जातिभेदाविरुद्धची तिची युक्तिवादसरणी कोणी खोडून काढली नव्हती. नावे कळली एवढेच पुरेसे झाले. 1867 साली मुंबईत प्रार्थनासमाज निघाला. दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग तिच्या प्रवर्तकांपैकी. हा समाज उघड होता. परंतु जात सोडण्याची अट त्याने सभासदांवर घातली नाही. उघडपणाची किंमत म्हणून जुन्या प्रतिज्ञेतील सर्वांत तीक्ष्ण कलम गळाले.

तीस वर्षांनी पुण्यात पुन्हा एक यादी निघाली. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या समारंभात पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी यजमानांचा मान म्हणून पेला नुसता हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून प्रसिद्ध केली, आणि प्यालेला कोण व न प्यालेला कोण हा भेदच उरला नाही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी 1892 साली, मित्रांची कौटुंबिक अडचण पाहून, प्रायश्चित्त घेतले. न्यायासनावरून इतरांचे तंटे तोडणाऱ्या पुरुषाला एका पेल्याचा हिशेब ज्ञातीपुढे द्यावा लागला. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी कित्येकांना ते रुचले नाही. परंतु ज्याच्या घरी मुलीचे लग्न अडले नव्हते त्याने त्यांना भ्याड म्हणणे सोपे होते.

या दोन्ही यादींत कागदाचे सामर्थ्य एकच दिसते. समाज बहुधा कृत्याला भीत नाही; ते उघड झाले, म्हणजेच त्याला नाव चिकटले, की तो उठतो. आणि जे नाव झाकून ठेवावे लागते, त्याचा धनी हळूहळू दोन माणसे होऊन जगू लागतो. परमहंस सभेचे खरे नुकसान 1860 साली झाले नाही. ते अकरा वर्षे रोज थोडेथोडे होत होते.

परप्रांती बदलीवर राहणाऱ्या आपणांस हे दोन आयुष्यांचे जगणे अपरिचित नाही. बिऱ्हाडाच्या गावी सर्वांबरोबर बसून जेवणारा गृहस्थ रजेवर घरी पोहोचताच निराळा होतो, आणि त्यास तो वडीलधाऱ्यांचा मान म्हणतो. तो मान असेलही. परंतु कोणते वागणे मानापोटी आणि कोणते केवळ यादीच्या भयापोटी, हे ज्याचे त्याने एकदा तपासून पाहावे. दादोबांच्या पिढीला ती तपासणी पुरती करावयास सवड मिळाली नाही. यादी आधीच फुटली.