सहा फूट चार इंच: कशेळ्याची जीप ते मिडसाइझ एसयूव्ही

आजच्या भागात थोडा इतिहास आहे, थोडी भावकी आहे आणि एक मोजपट्टी आहे. बसमध्ये किंवा लोकलमध्ये ऐकत असाल तर उत्तम, कारण विषय गाडीचाच आहे.

झालं असं, गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाने जेवताना जाहीर केलं की एसयूव्ही घ्यायची. छोटी नाही, मिडसाइझ. फोनवर यादी तयार होती. व्हेरिएंट, रंग, सनरूफ, आणि खाली वेगळी ॲक्सेसरीजची यादी. बाबांनी एकच विचारलं, "पैसे?" तो म्हणाला, "रस्त्याकडचे तीन गुंठे आहेत ना."

कर्जत-खालापूरकडे जे ऐकताहेत त्यांना हे वाक्य ओळखीचं असणार. खालापुरातून जाणारा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे 2002 मध्ये पूर्ण सुरू झाला, मुंबईचे लोक शनिवार-रविवारचं घर शोधत आमच्याकडे आले, आणि भाताची खाचरं गुंठ्याच्या भावाने मोजली जाऊ लागली. आमच्याकडे जमीन विकलेल्या घराची खूण म्हणजे दारातली पांढरी मोठी गाडी. मी हे कुणाला नावं ठेवायला सांगत नाहीये. भावाच्या जागी मी असते तर मलाही मोह झाला असता.

बाबा काही बोलले नाहीत, भाकरी मोडत राहिले. बोलली ती काकू. शेजारच्या घरातून भाजी द्यायला आली होती. म्हणाली, "आधी गल्लीतून येते का बघ तुझी गारी."

गारी म्हणजे गाडी. आमच्याकडची जुनी माणसं तशीच म्हणतात.

या एका वाक्यामुळे मी शोधायला लागले की ही गाडी आमच्या गल्लीपर्यंत आली कशी. सुरुवात अर्थातच जीपपासून करावी लागते. 1940 मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी, कुठेही घुसणारी गाडी हवी होती. बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना केला, पण मोठं काम मिळालं विलीज आणि फोर्ड यांना. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांच्या वर जीप बनल्या. आता तिचं माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: रुंदी 62 इंच. म्हणजे पाच फूट दोन इंच.

युद्धाच्या काळात कैलासचंद्र महिंद्र हे अमेरिकेत भारताच्या खरेदी मंडळाचे प्रमुख होते, त्यामुळे जीप त्यांच्या नजरेत होती. 1945 मध्ये त्यांनी भाऊ जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. नाव महिंद्र अँड मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीच्या नावातला दुसरा शब्दही 'महिंद्र' झाला. 1949 मध्ये मुंबईत, माझगावला, अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून विलीज जीप तयार होऊ लागल्या. माझगाव म्हणजे आपलं डॉकयार्ड रोड स्टेशन. कर्जत लोकलने भायखळ्याला उतरलात तर चालत जाता येईल इतकं जवळ.

आणि जीप म्हटलं की खरेदीतली भानगडही आलीच. 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनहून जीप घेण्याचा सुमारे 80 लाखांचा करार झाला आणि हाती पडल्या 155. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा तो. गाडी घेताना कागद नीट वाचावेत, ही शिकवण तेव्हापासूनची.

पहिली बरीच वर्षं जीप खेड्यात आली ती सरकारची म्हणून. बीडीओची, जंगलखात्याची, पोलिसांची. तिचा आवाज आला की वाडीतली माणसं आधी घरात जायची आणि मग बाहेर बघायची. आजी हे हसत सांगायची, पण त्या हसण्यात थोडी भीती उरलेली असायची. जीप विकत घेण्याची गोष्ट आहे हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

ते बदललं डिझेलमुळे. महिंद्रने फ्रान्सच्या प्युजोबरोबर करार करून इगतपुरीला डिझेल इंजिनं बनवायला घेतली. पेट्रोलवर जीप चालवून धंदा करणं परवडणारं नव्हतं, डिझेलवर हिशोब जुळला. पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली, महिंद्रची लांब कमांडर आली, आणि महाराष्ट्रभर जिथे एसटी दिवसातून दोनदा यायची तिथे काळी-पिवळी सुरू झाली.

माझ्या काकाची त्यातलीच एक कमांडर. सेकंडहँड. नेरळ-कशेळे-खांडस. खांडस म्हणजे जिथून भीमाशंकरला चढून जातात ते गाव. श्रावणात यात्रेकरू, पावसाळ्यात पेठच्या किल्ल्याचे ट्रेकर आणि बाकी वर्षभर बाजाराला येणाऱ्या ठाकरवाड्या आणि कातकरवाड्या. मागे समोरासमोर दोन बाकडी. कागदावर किती सीट होत्या ते मला माहीत होतं, पण मी स्वतः सतरा माणसं मोजली आहेत. टपावर भाताचं पोतं, त्यावर कोंबड्यांची टोपली, मागच्या फळीवर लटकलेले दोघे. हे बेकायदा होतं आणि धोक्याचंही होतं. गोड आठवणीत ते लपवायचं कारण नाही. पण रात्री कुणाला साप चावला, कुणी अडली, तर लोक आमच्याच गल्लीत येऊन हाक मारायचे. काका बनियनवरच बाहेर पडायचा. अशा फेरीचे पैसे कधी मिळायचे, कधी तांदूळ मिळायचे, कधी काहीच नाही.

त्या गाडीच्या ॲक्सेसरीज आठवून बघते. टपावरचं कॅरियर, कारण पोती. मागचा लोखंडी पायठाण, कारण म्हाताऱ्या चढायच्या. बाजूचे ताडपत्रीचे पडदे, कारण आमचा पाऊस. पुढे जाड बंपर, कारण म्हशी. आणि डॅशबोर्डवर एकवीरा आई. प्रत्येक वस्तूला कारण होतं. अपवाद फक्त हॉर्नचा. तीन सुरांचा होता, आणि त्याला काकाच्या हौसेशिवाय काहीही कारण नव्हतं.

दरम्यान शहरात वेगळंच चाललं होतं. 1994 मध्ये पुण्याहून टाटांची सुमो आली. नाव टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावा-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून. सुमोने जीपच्या कामाला बंद दारं आणि काचा दिल्या. 2000 मध्ये बोलेरो. आणि 2002 मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ. माझ्या मते खरा सांधा तिथे बदलला. तोपर्यंत ही गाडी माणसं वाहायला घ्यायचे. स्कॉर्पिओ लोकांनी स्वतः बसायला घेतली. सरपंच, बिल्डर, जमीनवाले, आणि ज्यांना तसं दिसायचं होतं ते सगळे. पिवळी पाटी जाऊन पांढरी आली, म्हणजे भाडं घेणं बंद. 2012 ला डस्टर, 2015 ला क्रेटा. 'मिडसाइझ' हा शब्द आपल्या तोंडी रुळला तो या गाड्यांमुळे. साधारण सव्वाचार ते साडेचार मीटर लांब, पाच माणसं.

एक गोष्ट शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. जीपचा सांगाडा वेगळा आणि वरची बॉडी वेगळी, शिवाय इंजिनची ताकद चारही चाकांना. क्रेटासारख्या गाडीत बॉडी हाच सांगाडा आणि ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. डांबरी रस्त्यावर ती जीपपेक्षा कितीतरी आरामशीर आणि स्थिर आहे. फक्त ती उंच दिसते म्हणून जुलैमध्ये बांधावरून शेतात नेऊ नका. ट्रॅक्टर बोलवावा लागेल आणि ट्रॅक्टरवाला हसेल ते वेगळंच.

आता कर. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण गाडीचा आकार यानेच ठरवला. 2006 च्या बजेटमध्ये चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणलं. म्हणून तर इकोस्पोर्ट, ब्रेझा, नेक्सॉन सगळ्या चार मीटरच्या जरा आत थांबतात. 2013 मध्ये एसयूव्हीची व्याख्या करून जास्त कर लावला: लांबी चार मीटरच्या वर, इंजिन 1500 सीसीच्या वर, जमिनीपासून उंची 170 मिलिमीटर किंवा जास्त. जीएसटीत सेस धरून मोठ्या एसयूव्हीवर 50 टक्के झाले. 22 सप्टेंबर 2025 पासून सेस गेला, मोठ्यांवर सरळ 40 आणि छोट्यांवर 18. शिवाय महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी गाडीला पेट्रोलवर 12 आणि डिझेलवर 14 टक्के रोड टॅक्स. भावाच्या कागदावर एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यांच्यातला फरक बघून बाबा म्हणाले, "यात तर म्हैस येईल." आकडा नीट बघितला तर दोन आल्या असत्या.

पण गंमत बघा. सरकारने लांबी मोजली, इंजिन मोजलं, उंची मोजली. रुंदी मोजली नाही. म्हणून गाड्या रुंदीत वाढत राहिल्या. चार मीटरच्या आतली ब्रेझा 1790 मिलिमीटर रुंद आहे, आणि तिच्यापेक्षा फूटभर लांब असलेली क्रेटासुद्धा 1790. स्कॉर्पिओ-एन 1917. आरसे वेगळे.

रविवारी भाऊ आणि मी मोजपट्टी घेऊन गल्लीत उतरलो. गल्ली बैलगाडीच्या हिशोबाची. नाक्याकडून आत येताना ती रुंदच आहे, पण काकूच्या ओट्यापाशी सगळ्यात अरुंद. तिथे भरली सहा फूट चार इंच. म्हणजे 1930 मिलिमीटर. विलीज जीप इथून गेली असती तर दोन्ही बाजूंना सात-सात इंच उरले असते. क्रेटाला आरसे मिटून पावणेतीन-पावणेतीन. स्कॉर्पिओ-एनला दोन्ही बाजू मिळून तेरा मिलिमीटर. भावाच्या यादीत पहिली कोण होती ते ओळखा.

तो थोडा वेळ ओट्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "ओट्याचा कोपरा काढला तर?"

हा ओटा काकाने जीप विकली त्या वर्षी बांधला. गुडघ्यांनी क्लच दाबणं जमेना, तेव्हा गाडी दिली आणि आलेल्या पैशातून ओटा केला. शेवटची वर्षं तिथेच बसायचा. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, म्हणून विचारायला कुणी पुढे होईना. शेवटी मीच गेले. काकूने ऐकून घेतलं आणि भावाला हाक मारली. त्याची ॲक्सेसरीजची यादी वाचून दाखवायला लावली.

पुढचा बुल बार. मी म्हटलं, हा नको. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलंय की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत. गाडीचा पुढचा भाग धडक सोसून चेपावा असाच बनवलेला असतो, गार्डमुळे तो जोर थेट आत जातो, एअरबॅगचं गणितही बिघडू शकतं. आणि पायी चालणाऱ्याचं काय होतं ते सांगायला नको. काळी फिल्म. तीही नको, सुप्रीम कोर्टाचा 27 एप्रिल 2012 चा निकाल आहे. जाड लेदरचे सीट कव्हर. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर त्यासाठी शिवण सोडलेलेच घे. पायाखालच्या लाइट. यावर कायदा मला माहीत नाही, मत आहे, ते मी गिळलं. "मग उरलं काय?" भाऊ वैतागला.

काकू म्हणाली, "पायठाण आहे का त्यात?"

नव्हता. एवढ्या उंच गाडीच्या यादीत चढायची पायरीच नव्हती.

"पायठाण लाव. आतून धरायला कडी आहे का बघ. मला चढता आलं पाहिजे. आणि रात्री कुणी हाक मारली तर काढायची. काढणार का?"

तो लगेच हो म्हणाला नाही, याचं मला बरं वाटलं. नवीन सीट, रक्त, चिखल, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कशेळ्यात आता ग्रामीण रुग्णालय आहे, 108 ची ॲम्ब्युलन्स आहे. पण वाडीवरून हाक येते तेव्हा आधी जवळची गाडीच आठवते. 2021-22 मध्ये एसटीचा संप महिनोन्महिने चालला तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते परत एकदा पाहिलं होतं. मग तो म्हणाला, "काढीन."

तीन गुंठ्यांचं बाबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. रस्त्याकडचे विकायचे नाहीत, डाउन पेमेंटपुरते ते पतपेढीतून काढतील, हप्ते त्याने भरायचे. त्या हिशोबात स्कॉर्पिओ-एन बसत नाही. क्रेटाच्या मापाची, खालचं व्हेरिएंट, बहुतेक सनरूफशिवाय. दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही.

हे रेकॉर्ड करतेय तेव्हा गाडी अजून बुक झालेली नाही. ओट्याचा कोपरा मात्र गेलाय. काकूने गवंड्याला स्वतः उभं राहून वीतभर तिरका कापायला लावला, आणि वर काका बसायचा ती फरशी तशीच परत बसवून घेतली.

तुमच्या गल्लीची रुंदी मोजून मला पाठवा. भेटू पुढच्या भागात.