प्लवक गणना

प्लवक गणना म्हणजे पाण्याच्या ठरावीक आकारमानात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची संख्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची पद्धत होय. जलजीवशास्त्र, मत्स्यसंवर्धन व पाण्याच्या तपासणीत ती वापरली जाते. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. मत्स्यविज्ञानाच्या शिक्षणात ही पद्धत प्रात्यक्षिकांचा भाग असते.

साधने
सेजविक-राफ्टर पेटी ही ५० मिमी लांब, २० मिमी रुंद व १ मिमी खोल असून तिच्यात १ मिली पाणी मावते. तिच्या तळावर १ चौरस मिमीचे १,००० चौकोन आखलेले असतात. खोलीमुळे तिच्याखाली उच्च वर्धनाची भिंगे वापरता येत नाहीत. अतिसूक्ष्म शैवालपेशींसाठी मुळात रक्तपेशी मोजण्याकरिता बनवलेले हिमोसायटोमीटर वापरतात. त्याची खोली ०.१ मिमी असते.

पद्धत
नमुन्यात ल्युगॉलचे आयोडीन द्रावण घालतात. त्यामुळे जीव मरतात, रंगतात व तळाशी बसतात. वरचे पाणी हलकेच काढून नमुना संहत करतात. तो नीट ढवळून, हवेचा बुडबुडा न राहू देता पेटीत भरतात आणि पेशी स्थिरावल्यावर मोजणी करतात. चौकोनाच्या कडेवरील पेशी दोनच ठरावीक बाजूंच्या धरतात. अन्यथा एकच पेशी दोनदा मोजली जाते.

उदाहरण
समजा, १ लिटर पाणी संहत करून २० मिली केले आणि १०० चौकोनांत ६० पेशी आढळल्या. एका चौकोनावर ०.००१ मिली पाणी असते, म्हणून १ मिलीमध्ये ६०० पेशी होतात. २० मिलीमध्ये, म्हणजेच मूळ १ लिटरमध्ये, १२,००० पेशी ठरतात.

अचूकता
पेशी विखुरलेल्या असल्याने मोजणीत यादृच्छिक चूक राहते. १०० पेशी मोजल्यास ही चूक साधारण २० टक्क्यांपर्यंत, तर ४०० पेशी मोजल्यास १० टक्क्यांपर्यंत असू शकते. नमुना नीट न ढवळल्यास होणारी चूक मात्र अधिक पेशी मोजूनही भरून निघत नाही.

महत्त्व
कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रात झोइया अवस्थेतील डिंभक कीटोसेरॉससारख्या शैवालांवर जगतात. पेशी कमी पडल्यास डिंभकांची उपासमार होते, तर जास्त झाल्यास टाकीतील पाणी बिघडते. त्यामुळे खाद्य देण्यापूर्वी मोजणी आवश्यक ठरते. अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्यूका या प्रकाशमान प्लवकाची बेसुमार वाढ होते. अशा वाढीचा आरंभ व तीव्रता ठरवण्यासही नियमित गणना उपयोगी पडते.