तारू, पेटी आणि कपाट

'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शाळेत होतो, आणि शेवटपर्यंत जहाजाची वाट बघत होतो. आर्क म्हणजे नोहाची नौका, एवढंच ठाऊक. निघाली सोन्याची पेटी! पुढे नोकरीत एकाच नावाच्या दोन व्हेरिएबल्सचा गुंता सोडवताना तो सिनेमा हमखास आठवायचा.

मूळ हिब्रूत हा गुंता नाहीच. नोहाची ती 'तेवा', आणि दहा आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवलेला तो 'आरोन'. दोन्हींना एकच शब्द, 'किबोतोस', वापरला तो ग्रीक भाषांतराने. लॅटिनने त्याचं 'आर्का' केलं आणि इंग्रजीत 'आर्क' आला.

'तेवा' हिब्रू बायबलात २८ वेळा येतो. २६ वेळा नोहाच्या गोष्टीत, दोनदा मोशेच्या. इस्रायलींचा जन्मलेला प्रत्येक मुलगा नदीत टाका, असा फारोचा हुकूम होता. मोशेच्या आईने बाळ नदीतच ठेवलं, पण लव्हाळ्याच्या, डांबर लावलेल्या तेवात. नोहाची तेवा ३०० हात लांब, ही तान्ह्या बाळापुरती. शीड किंवा सुकाणूचा उल्लेख दोन्हीकडे नाही. फक्त तरंगत राहायचं. मराठी बायबलात नोहाचं 'तारू' होतं, मोशेची 'टोपली' किंवा 'पेटारा'. गोंधळ टळतो, पण हा धागाही तुटतो.

'आरोन' म्हणजे साधी पेटी. इजिप्तमध्ये योसेफाचं शव ठेवलं तोही आरोनच. तालमूद सांगतो की वाळवंटातून इस्रायली दोन आरोन बरोबरीने नेत होते, एकात आज्ञा आणि एकात योसेफ. मेलेल्या माणसाचं देवाशेजारी काय काम, असं वाटसरूंनी विचारलं. उत्तर मिळालं, त्या पेटीत जे लिहिलंय ते या माणसाने पाळलं. मोशेने फोडलेल्या पहिल्या पाट्यांचे तुकडेही त्याच आरोनात जपून ठेवले होते, असंही तालमूद म्हणतो. मला हे फार आवडतं. आम्ही फसलेलं व्हर्जन डिलीट करून मोकळे होतो.

इ.स.पू. ५८६मध्ये बाबिलोनने जेरुसलेमचं मंदिर पाडलं. त्यानंतर आरोनाचा पत्ता नाही. आज सिनेगॉगमध्ये तोराच्या गुंडाळ्यांचं कपाट असतं. अश्केनाझी ज्यू त्याला 'आरोन कोदेश' म्हणतात, सेफार्दी 'हेखाल'. मिश्नाच्या काळी या पेटीलाच 'तेवा' म्हणत. सेफार्दींकडे पुढे वाचनाचा चौथरा 'तेवा' झाला. नंतरच्या हिब्रूत तर 'तेवा' म्हणजे 'शब्द'सुद्धा. यात मला नवल वाटत नाही, कारण मेमरीच्या ठरावीक मापाच्या खान्याला आम्हीही 'वर्ड'च म्हणतो.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींची आठवण सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ बुडाले. त्यांना तेवा मिळाली नाही. तरीही शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून त्यांनी शब्बाथ पाळला, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. १७९६मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. बुडालेल्या ग्रंथांसाठी कपाट तयार व्हायला इतकी शतकं लागली. तोवर पेटीचं काम माणसांनीच केलं.