टाळूची खिडकी

आपल्याकडे बाळाची टाळू म्हणजे आजीचं खातं. रोज तेल घालून टाळू भरायची, बास. डॉक्टरांना मात्र १९८०च्या सुमारास त्याच मऊ जागेत एक खिडकी सापडली. तिथे कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, त्यामुळे अल्ट्रासाउंडच्या लहरी सरळ आत जातात. काचेच्या पेटीतून बाहेरही न काढता बाळाचा मेंदू दिसायला लागला!

पण मुळात आत डोकवायची गरज का पडली? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. आधीच्या काळात अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता का, हे खात्रीने कळायचं ते बहुधा शवविच्छेदनात. म्हणजे जी गेली, त्यांचंच. १९७८ साली अमेरिकेत लू-ॲन पपील या डॉक्टरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या, ओळीने जन्मलेल्या ४६ बाळांचे सीटी स्कॅन. त्यातल्या २० जणांच्या मेंदूतल्या पोकळ्यांत रक्त होतं. या २० पैकी ९ जगली, आणि त्या ९ पैकी ७ बाळांमध्ये बाहेरून काहीच लक्षण दिसत नव्हतं! रक्तस्रावाच्या त्यांनी पाडलेल्या चार श्रेणी आजही रिपोर्टात असतात.

आणि इथेच गोची झाली. श्रेणी हातात आली की आईबाप ती पत्रिकेसारखी वाचतात. "आमचं मूल चालेल ना? शिकेल ना?"

चित्र खोटं नसतं. वरच्या श्रेणींत सेरेब्रल पाल्सीचा धोका खरंच वाढतो. पण २००३ साली अशा कमी वजनाच्या मुलांचा एक अमेरिकी अभ्यास आला. शब्दज्ञानाच्या चाचणीत त्यांचा मध्यक गुणांक तिसऱ्या वर्षी ८८ होता, आठव्या वर्षी ९९. (सरासरी मूल १००.) ज्यांना सुरुवातीलाच रक्तस्राव आणि नंतर मेंदूला मोठी इजा झाली होती, ती मात्र मागे पडत गेली. आणि आईचं शिक्षण जास्त असेल तर गुण चांगले! हे कुठल्या स्कॅनमध्ये दिसणार?

मग एमआरआय आला. २००६ साली न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या १६७ बाळांचा अभ्यास गाजला. मेंदूच्या पांढऱ्या भागात जास्त दोष, तर दुसऱ्या वर्षी अडचणींचा धोकाही जास्त. तरी दोष असून बरी निघालेली मुलं होती, आणि चित्र चांगलं असून मागे राहिलेलीही. २०१५ साली अमेरिकेतल्या नवजात-तज्ज्ञांनी सांगून टाकलं, की घरी सोडताना सरसकट प्रत्येक बाळाचा एमआरआय नको.

आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की त्या क्षणाची मेमरी काढून बघतात. कुठे बिघडलं ते कळतं, प्रोग्रॅम पुढे काय करणार होता ते नाही. इथे तर प्रोग्रॅम चालता चालता स्वतःलाच लिहितोय...

असो. तुमच्या ओळखीत कुणाच्या हातात असा रिपोर्ट आला, तर एवढंच सांगा: श्रेणी नीट समजून घ्या, पण तपासणीची पुढची तारीख चुकवू नका. डोळे, कान, फिजिओथेरपी, सगळं वेळच्या वेळी. बाळाचं वय मोजताना ते किती आठवडे लवकर आलं, तेही वजा करा. शेजारच्या बाळाशी तुलना मग आपोआप कमी होते.