कोल्हापूर प्रकरणांतील माफी

टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस होते, हें आपल्याकडील शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. ते तेथें कां गेले असें विचारलें तर बहुधा उत्तर येतें कीं, कोल्हापूरच्या छत्रपतींची बाजू घेतली म्हणून. उत्तर खोटें नाहीं. पण अर्धें आहे. ज्या पत्रांच्या आधारानें त्यांनीं लेखणी इतकी तीव्र केली तीं पत्रें बनावट होतीं, हा उरलेला भाग सांगणारा क्वचितच भेटतो. आम्ही गडहिंग्लजचे. हा मुलूख त्या वेळीं कोल्हापूर संस्थानचा एक पेटा होता, आणि ज्यांच्यावरून हें सारें रामायण घडलें ते आमच्याच वाडवडिलांचे राजे होते. त्यामुळें त्या उरलेल्या भागाकडे दुर्लक्ष करणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

राजाराम महाराज १८७० सालीं फ्लॉरेन्स येथें वारल्यावर पुढच्या वर्षीं चौथे शिवाजी महाराज दत्तक आले. तेव्हां ते बालवयांतच होते. पुढें त्यांच्या मनावर परिणाम झाल्याची वार्ता उठली. कारभार रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हातीं होता, आणि त्यांच्या पाठीशीं इंग्रज सरकार उभें होतें. महाराजांस खरोखरीच वेड लागलें आहे, कीं छळ करून त्यांस वेडे ठरविण्यांत येत आहे, या शंकेनें पुण्यांतील मंडळी अस्वस्थ झाली.

ही शंका अगदींच हवेंतून आली नव्हती. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटास विष घालण्याचा आरोप येऊन १८७५ मध्यें चौकशी झाली. सहा पंचांपैकीं तिघां हिंदी पंचांनीं तो आरोप सिद्ध मानला नाहीं, तरी महाराजांची गादी गेलीच. सरकार आणि राजवाडा यांच्या दरम्यान काय शिजतें हें बाहेरच्यांस कळूं नये, अशीच तेव्हांची व्यवस्था होती. आमच्या भागांत तर कारभारी या शब्दाविषयींच लोकांचें मन जुनें दुखावलेलें. गडहिंग्लजजवळच्या सामानगडावरील गडकऱ्यांनीं १८४४ सालीं बंड केलें, तें कंपनी सरकारनें नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित या कारभाऱ्याच्या नव्या व्यवस्थेविरुद्धच. असा कारभारी राजावर विषप्रयोगहि करील, ही गोष्ट ऐकणाऱ्यास पुरावा मागण्याची आठवण सहसा होत नाहीं. आणि नेमक्या अशाच ठिकाणीं ती व्हावयास पाहिजे होती.

'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजीं निघाला. 'मराठा' दोन दिवस आधीं. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठ्या'चे टिळक, आणि दोघेहि पंचविशींतले. वर्ष पुरें होतें न होतें तोंच, जानेवारी १८८२ च्या सुमारास, बर्व्यांचीं म्हणून कांहीं पत्रें पुढें आलीं. महाराजांविरुद्ध चाललेल्या कटाचा त्यांत उलगडा होता. संपादकांनीं त्यांवर विश्वास ठेवला. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, आणि खटला मुंबईच्या हायकोर्टांत गेला. तो चालू असतांच १७ मार्च रोजीं विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, म्हणजे या तरुण मंडळींचा वडीलधारा आधारहि गेला. पत्रें बनावट आहेत हें ध्यानीं आल्यावर दोघांनीं माफी मागितली. तरी शिक्षा टळली नाहीं. प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजीं ते सुटले.

या माणसांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. त्यांनीं यांत पैशाचा लाभ पाहिला नव्हता, आणि चूक कळल्यावर तीस चिकटूनहि राहिले नाहींत. परंतु माफीची परीक्षा केवळ मागणाऱ्याच्या मनावरून होत नाहीं. ती कोणापर्यंत पोहोंचली यावरूनहि होते. या लिखाणांत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालविल्या गेल्या होत्या. महाराजांची व्यवस्था संशयास्पद आहे, ही एक. आणि बर्व्यांनीं स्वहस्तें कटाचीं पत्रें लिहिलीं, ही दुसरी. पहिला सार्वजनिक हिताचा प्रश्न होता, आणि तो विचारण्याचा हक्क कोणत्याहि वृत्तपत्रास होता. दुसरें वस्तुस्थितीचें विधान होतें. तें खरें तरी असावें नाहींतर खोटें तरी. कारभाऱ्याचें हस्ताक्षर ओळखणारीं माणसें संस्थानांत दुर्मिळ खासच नसतील. 'अशीं पत्रें आमच्या पाहण्यांत आलीं आहेत, त्यांची शहानिशा अद्याप झालेली नाहीं' एवढें एक वाक्य लिहिलें असतें तर प्रश्नाची धार कमी झाली नसती आणि एका माणसाची अब्रू वांचली असती.

माफीनें दुसरें विधान मागें घेतलें. पण वाचकाच्या मनांत दोन्हीं एकजीव झालीं होतीं. शिवाय माफी आली ती फिर्याद झाल्यानंतर, कोर्टाच्या छायेंत. जो आरोप आपण होऊन मागें घेतला जात नाहीं, तो भीतीनें मागें घेतला असेंच लोक समजतात. मग शिक्षा झाली, आणि शिक्षेनें चुकीवर जणूं पांघरूण घातलें. जोतीराव फुल्यांच्या सूचनेवरून रामशेठ उरवणे यांनीं दहा हजारांचा जामीन दिला, ही गोष्ट आजहि कौतुकानें सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगीच आहे. मतभेद बाजूस ठेवून इतकें करणारे विरोधक आतां कोठें मिळतात! आगरकरांनीं तुरुंगवासावर पुस्तक लिहिलें, त्याच्या नांवांतहि १०१ दिवसच मोजलेले आहेत. आकडा सुटसुटीत असल्यामुळें तो लोकांच्या तोंडीं बसला. बनावट पत्रांस असें लक्षांत राहण्याजोगें नांव कोणी दिलें नाहीं.

त्यानंतर काळानें आणखी एक घोटाळा करून ठेवला. १८८२ सालींच कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट झाले, आणि महाराजांस पुढें अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. तेथें २५ डिसेंबर १८८३ रोजीं एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत ऐन विशींत त्यांचा अंत झाला. ही बातमी ऐकून 'पाहा, केसरी म्हणत होता तेंच खरें' असें ज्यांस वाटलें असेल, त्यांस दोष तरी कसा द्यावा? महाराजांविषयींची काळजी खरी ठरली होती. पण अहमदनगरास जें घडलें त्यामुळें बर्व्यांच्या नांवावरचीं तीं पत्रें बर्व्यांचीं होत नाहींत. पुढें १८८४ च्या मार्चांत कागलच्या घाटग्यांचे चिरंजीव शाहू महाराज म्हणून दत्तक आले, आणि संस्थानाची कथा निराळ्या वाटेस लागली. माधवराव बर्व्यांचें नांव मात्र आमच्याकडे अजून निघतें तें टिळकांस तुरुंगांत घालणारा कारभारी म्हणून.