ताटातले दफ्तर : नांदेड आणि लातूर

शहरांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक रुळलेली रीत आहे. आधी ताम्रपट, मग शिलालेख, मग बखरी, शेवटी गॅझेटियर. मराठवाड्यात ही रीत पैठण आणि देवगिरी या दोन नावांपाशी येऊन दमते. त्यापलीकडे नांदेड आणि लातूर उरतात ती अनुशेषाच्या आकडेवारीत, नाहीतर दहावी-बारावीच्या निकालांच्या 'पॅटर्न'मध्ये. प्रस्तुत लेखात या दोन शहरांकडे स्वयंपाकघराच्या दाराने जायचे आहे. खाद्यसंस्कृतीवर लिहिण्याची सध्या हौस आहे म्हणून नव्हे. या भागातील पदार्थांची नावे हे भाषेच्या इतिहासाचे साधन आहे आणि आपल्या मराठी विभागांनी ते अजून हाताळलेले नाही, म्हणून.

उदाहरण अगदी साधे घेऊ. नांदेड-लातूर-परभणीकडे न्याहारीला 'सुशीला' करतात. मुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, हळद यांच्या फोडणीवर परतायचे, वरून डाळ्याचे कूट आणि कोथिंबीर. पुण्या-मुंबईचा पाहुणा हटकून विचारतो, ही सुशीला कोण? उत्तर कर्नाटकात हाच पदार्थ 'सुसला' या नावाने खातात. म्हणजे आपली सुशीला ही बाई नव्हेच. परका वाटणारा ध्वनी ओळखीच्या नावात बसवून घेण्याची जी प्रक्रिया भाषाविज्ञानात आपण 'लोकव्युत्पत्ती' म्हणून शिकवतो, तिचे इतके चविष्ट उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. 'येसर' हा दुसरा शब्द. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ. त्याची आमटी लग्नाच्या पंगतीला हवीच. कानडीत आणि तेलुगूत 'एसरु' म्हणजे आधणाचे पाणी. कानडीत पातळ कालवणालाही तोच शब्द. नाते उघड दिसते. फरक इतकाच की आपल्याकडे शब्द पाण्यावरून पिठावर सरकला.

असे शब्द एकेकटे भेटले तर गंमत वाटते. ओळीने भेटू लागले की प्रश्न पडतो. हा प्रदेश 'मूळचा' कोणत्या भाषेचा, हा तो प्रश्न नव्हे. तो सीमावादाच्या सभांमध्ये पुरेसा विचारला गेला आहे. एका तोंडात किती भाषा एकाच वेळी नांदू शकतात, हा खरा प्रश्न आहे.

राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि लातूरकर हे बिरुद अभिमानाने मिरवतात. मात्र बिरुदातल्या 'ऊर' या प्रत्ययाकडे कोणी पाहत नाही. 'ऊर' म्हणजे गाव, हा द्राविडी शब्द. लातूर, चाकूर, देगलूर ही नावे त्याच घडणीची. देगलूरमध्ये तर कानडीतले 'देगुल', म्हणजे देऊळ, स्पष्ट ऐकू येते. याच घराण्यातील अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात 'कविराजमार्ग' हा कानडीतील आद्य उपलब्ध ग्रंथ सिद्ध झाला. कानडी मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत, असे तो ग्रंथ सांगतो. नांदेड गोदावरीच्या काठावरच वसलेले आहे. एका थोर भाषेच्या नकाशाची उत्तरेकडची रेघ ज्या पाण्यातून ओढली गेली, त्याच पाण्याला आपण 'गंगा' म्हणतो आणि काठच्या प्रदेशाला गंगथडी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या तासाला ही गोष्ट का सांगितली जात नाही, हे मला कधी कळलेले नाही.

लातूर-धाराशिव भागातला वेळ अमावास्येचा सण या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मार्गशीर्ष अमावास्येला सारे गाव रानात जाते. त्या दिवशी लातुरातल्या पेठाही ओस पडतात आणि जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देते. रब्बीच्या ज्वारीत कडब्याची कोपी करतात, आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडतात. जेवण ठरलेले : आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाचा खिचडा, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, पालेभाज्या, त्या हंगामात शेत जे जे देते ते सारे ताकात कालवलेल्या बेसनात शिजवायचे. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली आंबील ज्या मातीच्या भांड्यातून डोक्यावर नेतात त्याला 'बिंदगे' म्हणतात. कानडीत पाण्याच्या घागरीला 'बिंदिगे' हाच शब्द आहे. सणाच्या 'येळवस' या बोली नावाचा उगम कोणी कानडी 'एळु' म्हणजे सात या शब्दात शोधतात, कोणी 'एळ्ळु' म्हणजे तीळ या शब्दात. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे हाच सण 'एळ्ळ अमावास्या' म्हणून ओळखला जातो, आणि ताटात तिळाची पोळी आहे. तेव्हा माझा कल तिळाकडे आहे.

नांदेडचे दफ्तर अधिक जुने आणि अधिक गुंतागुंतीचे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या, चौथ्या शतकातल्या, वाशीम ताम्रपटात 'नांदीकड' या प्रदेशाचा उल्लेख येतो आणि तो नांदेडचाच मानतात. ताम्रपटाची भाषा मोठी बोलकी आहे. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा तपशील प्राकृतात. मिरवायचे एका भाषेत आणि जगायचे दुसऱ्या भाषेत, ही नांदेडची पुढची कथा तिथेच सुरू होते. काशीत गाजलेल्या शेष या वैयाकरण घराण्याचे मूळ परंपरा नांदेडला नेते. भट्टोजी दीक्षितांचे गुरू शेषकृष्ण याच घराण्यातले. वामनपंडितांनाही याच घराण्याशी जोडतात. अर्थात वामन एक की अनेक हा वाद आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. त्यात इथे शिरण्याचे कारण नाही.

१७०८ मध्ये बादशहा बहादूरशहाच्या स्वारीबरोबर गुरू गोविंदसिंग दक्षिणेत आले आणि नांदेडला राहिले. माधोदास नावाचा बैरागी त्यांना इथेच गोदाकाठी भेटला आणि बंदा बहादूर होऊन पंजाबात गेला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला गुरूंचे इथे देहावसान झाले. ग्रंथ हाच यापुढे गुरू, हा निर्णयही इथलाच. पुढे १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी आजचा सचखंड गुरुद्वारा बांधवला. त्या निमित्ताने आणि निजामाच्या चाकरीत आलेली शीख कुटुंबे इथेच राहिली. आज त्यांना दखनी शीख म्हणतात. घरात पंजाबीचा अंश, बाजारात दखनी, शाळेत मराठी. हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाते. ते नांदेडपासून फार लांब नाही. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे या परिसरातून उत्तरेला गेलेला शब्द काही शतकांचा फेरा करून गुरुमुखीच्या वाटेने पुन्हा गोदाकाठी आला. नांदेडच्या इतिहासात याहून मोठी साहित्यिक घटना मला दिसत नाही. तरी 'मराठवाड्यातील साहित्यपरंपरा' या विषयावरच्या प्रबंधांत ती क्वचितच येते.

तिसरा थर हैदराबादचा. १९०० मध्ये मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज गाडी नांदेडवरून धावू लागली. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ लातूरला पोहोचले. १९१७ मध्ये फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने लातुरात गंजगोलाईचा आराखडा केला : मध्ये वर्तुळाकार पेठ, तिला येऊन मिळणारे १६ रस्ते, आणि रस्त्यागणिक निराळा माल. सोने एका गल्लीत, मिरची दुसरीत, गूळ तिसरीत. गोलाईच्या मधोमध देवीचे मंदिर आहे. निजामी राजवटीत, मुसलमान रचनाकाराच्या हातून आखलेल्या या पेठेने लातूरला तुरीची आणि डाळींची मोठी बाजारपेठ बनवले. निजामी राजवट जुलमी होती, आणि तिच्याविरुद्धचा लढा न्याय्य होता, हे सांगताना गंजगोलाई विसरण्याची गरज नसते. आपण मात्र एक सांगायचे म्हणून दुसरे गाळतो.

याच थरातून नांदेडच्या ताटात बगारा आणि दालचा आले. 'बगारा' म्हणजे बघारलेला, फोडणी दिलेला भात. खडा मसाला, पुदिना, कांदा, मांस नाही. मांस असते दालच्यात, हरभऱ्याच्या नाहीतर तुरीच्या डाळीत दुधी आणि चिंचेच्या कोळाबरोबर शिजलेले. नाव हिंदुस्थानी, आंबटपणा दक्षिणेचा, डाळ बालाघाटावरची. त्यातच पूर्वेकडून, धर्माबादेकडून आलेली लाल मिरची. अंबाडीचेही तसेच. तेलुगू माणूस तिला गोंगुरा म्हणतो, कानडी माणूस पुंडी, आणि नांदेडची बाई तिच्यात ज्वारीच्या कण्या घालून वर लसणाची फोडणी ओतते.

अशा ताटावर वाढलेली माणसे कशी घडली, हेही पाहावे. निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी फारसी साधनांवरून मराठ्यांचा इतिहास लिहितात, उर्दू गझलेवर अधिकाराने बोलतात आणि नोकरीनिमित्त आदिलाबादकडे असताना गोंडी-कोलामीची व्याकरणे तयार करतात. १९५० मध्ये नांदेडला सुरू झालेल्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे, पुढे तिथेच प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर भरताच्या नाट्यशास्त्रापासून हैदराबादच्या राजकारणापर्यंत सहज ये-जा करतात. त्यांच्या व्यासंगाचे आपण कौतुक करतो आणि ते व्यक्तिगत प्रतिभेच्या खात्यावर जमा करतो. ज्या गावात बाजारहाट करायलाही तीन भाषा लागत, त्या गावाच्या खात्यावर काहीच नाही.

१९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्याचा मुधोळ तालुका आदिलाबादला गेला, देगलूरमधली बिचकुंदा-जुक्कलची गावे निजामाबादला गेली आणि आदिलाबादचे किनवट नांदेडकडे आले. रेघ न्याय्य असेल; तिचा परिणाम मात्र असा झाला की रेघेच्या अलीकडचा भूतकाळही आपण एकभाषी समजू लागलो.

इथे थांबलो तर हा लेख गोड समन्वयाचा होईल, आणि ते खोटे ठरेल. भाषा एका ताटात आल्या म्हणून माणसे एका पंगतीत बसली नाहीत. ऑगस्ट १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या प्रश्नावर नांदेड-परभणीच्या खेड्यांत दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, ते याच येसर-आंबिलीच्या मुलुखात. भज्जीच्या पातेल्याभोवती कोण बसे आणि बांधावर कोण उभे राही, हे विचारल्याशिवाय वेळ अमावास्येचे वर्णन पुरे होत नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ चे पुस्तक मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटते. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजले, चान्या कशा वाळवल्या, तेल नसताना काय केले, हे सारे ते पाककृतींच्या शांत भाषेत मांडतात. आपल्या खाद्यविषयक ललित लेखनाचा सगळा स्मरणरंजनी सूर त्या पुस्तकापुढे उघडा पडतो. नांदेडात सर्वांनी एका ओळीत बसून जेवायची एक जागा तीन शतके आहे, ती गुरुद्वाऱ्याचे लंगर. शहराने ती वंदनीय मानली. शेजारच्या गावांनी आपल्या पंगतींना तो नियम लावला नाही.

आता हे दफ्तर किती दिवस वाचता येईल? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंतींची, मातीच्या जड माळवदांची घरे माणसांवर कोसळली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी, नव्या आखणीत वसली. जुन्या घरांबरोबर जुनी स्वयंपाकघरेही गेली. त्याच सुमारास सोयाबीन आले आणि खरिपाची ज्वारी मागे हटली. सोयाबीन विकायचे पीक. ते शेतकऱ्याच्या घरात शिजत नाही, म्हणून त्याच्याभोवती शब्दही तयार होत नाहीत. ज्वारीभोवती किती होते ते पाहा : हुरडा, कण्या, आंबील, कडबा, कोपी, पेव. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी रेल्वेने आले, मिरजेहून. बार्शी लाइटचे जुने टोकही मिरजच होते. ज्या वाटेने शंभर वर्षे इथला कापूस आणि धान्य बाहेर गेले, त्या वाटेने पिण्याचे पाणी आत आणावे लागले.

२०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तीन पिकांना भौगोलिक मानांकन मिळाले : पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर. आनंदाची गोष्ट आहे. तिन्ही एकाच पातेल्यात पडतात तेव्हा त्याला काय म्हणतात, ते मात्र कोणत्याही कागदावर नाही. एखाद्या विद्यार्थ्याने निलंगा, देवणी, उदगीर ही गावे धरून, मग सीमा ओलांडून भालकी आणि बिदरपर्यंत, वेळ अमावास्येच्या एका दिवसात भेटतील ते शब्द नुसते लिहून आणले तरी पुष्कळ होईल. कोपी दोन्हीकडे असते. बिंदगे कुठे बिंदिगे होते, ते गाव शोधून काढायचे आहे.