नवस, वतन आणि हक्कसोडपत्र

इंदापुरास मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. इंदापुराजवळच्या लढाईंतच ते पडले. मालोजींना पुष्कळ दिवस संतान नव्हतें, म्हणून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ पिराला नवस झाला, आणि पुढें झालेल्या पुत्रांचीं नांवें शहाजी व शरीफजी अशीं ठेविलीं, ही कथा श्रोत्यांना ठाऊक असेलच. पुत्राच्या ओढीपुढें धर्माची वेस किती सहज ओलांडली जाई!

ही ओढ केवळ पिंडदानासाठीं होती असें आपण समजतों. मला तें अर्धेंच कारण वाटतें. मालोजी पडले तेव्हां मुलें लहान होतीं. चुलते विठोजी यांनीं त्यांना सांभाळलें आणि बापाची जहागीर घरांत राहिली. मुलगी सासरीं जाणार. तिच्यामागें जमीनही जाऊं नये, हें खरें गणित.

१८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी बारामती-इंदापुरच्या कोरड्या माळावर खेळूं लागलें. ऊंस आला, गुंठ्यागुंठ्याला मोल चढलें, आणि तें गणित अधिकच पक्कें झालें.

कायदा मात्र दुसऱ्या वाटेनें चालला. १९५६ च्या कायद्यानें मुलीला वांटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. तो महाराष्ट्रांत मुलीलाही मिळाला १९९४ सालीं. तेव्हां मुख्यमंत्री होते बारामतीचे शरद पवार. त्यांना एकच अपत्य, तीही कन्या. सुप्रिया सुळे २००९ पासून बारामतीच्या खासदार आहेत. आधीं लग्न झालेल्या मुलींना त्या कायद्यानें वगळलें होतें. ती उणीव २००५ सालीं केंद्राच्या दुरुस्तीनें भरून निघाली.

आतां आंकडे पाहा. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६ मुली होत्या, २००१ सालीं ९१३, आणि २०११ सालीं ८९४. गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा देशांतील पहिला कायदा याच राज्यानें १९८८ सालीं केला होता! नवसाच्या जागीं यंत्र आलें, एवढाच फरक. पिराला निदान मुलगी झाली तर तिचा जीव नको होता.

आणि ज्या जन्मल्या, वाढल्या, त्यांच्या हक्काचें काय होतें? बाप गेल्यावर वारसनोंद होते, बहिणींचीं नांवें उताऱ्यावर चढतात, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यापुढें हक्कसोडपत्र येतें. जबरदस्ती क्वचितच करावी लागते. माहेरचें दार उघडें राहावें, भाऊबीजेला भावाला ओवाळायला जातां यावें, एवढ्यासाठीं त्या सही करतात.